जाळरेषा आणि तिचा धूर

पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखाली ऊस हिरवागार उभा असतो, पण औंढा नागनाथच्या टेकड्यांवरचे गवत फेब्रुवारीत वाळून कोळ झालेले असते. वनखात्याच्या लेखी वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी जंगलाच्या कडेने, रस्त्यालगत गवत कापायचे, वाळवायचे आणि माणसे उभी करून जाळायचे. मग वणवा आला तरी त्याला पुढे खायला काही उरत नाही. ही जाळरेषा.

वनखात्याने सुरुवात केली ती आगीला साफ बंदी घालून. १८६० च्या दशकात सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात पिअरसन या अधिकाऱ्याने हा प्रयोग केला आणि तो गाजला. पुढे १९२७ च्या वन अधिनियमातही राखीव जंगलात आग लावणे गुन्हाच राहिले. मात्र ब्रह्मदेशातल्या सागाने आणि उत्तरेतल्या सालाने साहेबाला वेगळेच शिकवले: आग बंद झाली तशी रोपेही धरेनाशी झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तिथले वनाधिकारी बेताने जाळण्याकडे वळले.

महाराष्ट्रात वणवा बहुधा माणसाच्या हातूनच लागतो. मोहाखालचा पाला पेटवला की फुले वेचायला सोपी जातात, तेंदूला कोवळी पाने फुटतात, गुरांना नवे गवत मिळते. पोटासाठी पेटवलेली ही आग नुसत्या कायद्याने विझणार कशी?

२००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या नजरेतून आगीचे इशारे देते. पाचोळा हटवायला ब्लोअर आले. तरी एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन वनमजूर होरपळून मेले. इशारा आकाशातून येतो, झोंबायचे मजुरानेच.

धुराची गोष्ट मात्र या साऱ्या इतिहासात जवळपास गाळलेली आहे. आपल्याकडे पट्टे जाळतात, ऑस्ट्रेलियात जंगलाचे अख्खे तुकडे ठरवून जाळतात. २०१९-२० च्या वणव्यांत तिथे ३३ माणसे थेट आगीत गेली. धुराने गेलेल्यांचा संशोधकांचा अंदाज ४१७ आहे. म्हणून थोडा धूर आधी सोसावा की पुढचा मोठा लोट, हा हिशेब तिथे उघडपणे मांडला जातो. मराठवाड्यात शेतांचे धुरे, म्हणजे बांध, पेटतात, उसाचे पाचट पेटते, हिवाळ्याच्या रात्री तो धूर जमिनीलगतच कोंडून राहतो, आणि त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पाचटाची कुट्टी करून सरीत टाकली तर जमिनीला खत मिळते. ते जाळण्याला जाळरेषेइतकेही कारण नाही.

जाळरेषा लागणारच. मग रेषेवर उभ्या मजुराला रुमालावर भागवायला लावू नये. रुमालातून बारीक कण सहज आत जातात, त्याला एन-९५ मुखपट्टी द्यावी. आणि जाळायचा दिवस खालच्या गावाला आदल्या दिवशी कळवावा, दवंडीने नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणजे दम्याच्या माणसाला दारे-खिडक्या लावून घरात बसता येईल.