फॉस्फरस पाण्यात नको, शेतात हवा

लातूर जिल्ह्यातल्या मुरुडचे सांडपाणी कोणत्याही उताराने निघाले तरी शेवटी मांजरेच्या खोऱ्यातच उतरते. आणि मांजरा वर्षातला बराच काळ बंधाऱ्यांमागे साठून राहते. अशा थांबलेल्या पाण्यात फॉस्फरस काय करतो, हे कॅनडात डेव्हिड शिंडलर यांनी 1973 साली दाखवले. एका तलावाच्या मधोमध पडदा टाकून दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन घातला, एकाच बाजूला फॉस्फरसही. तेवढीच बाजू शेवाळाने हिरवी झाली. एक ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे 100 ग्रॅम कोरडे शेवाळ पोसते.

तो काढायचा सोपा उपाय म्हणजे गढूळ पाण्यात फिरवतात तीच तुरटी, किंवा लोहक्षार. फॉस्फेटचा साका होऊन तळाशी बसतो. पण रसायन कायम विकत घ्यावे लागते, गाळ वाढतो आणि ॲल्युमिनियमने जखडलेला फॉस्फरस पिकाला सहजी मिळत नाही. जैविक पद्धतीत काही जिवाणूंना आधी हवेविना ठेवतात. तेव्हा ते साठवलेले फॉस्फेट खर्चून पाण्यातली आम्ले पोटात भरतात. मग हवा मिळताच सोडले त्याहून जास्त फॉस्फेट ओढून घेतात. साध्या गाळात फॉस्फरस दोनेक टक्के, या गाळात पाच ते सात. खत म्हणून हा गाळ मोलाचा. मात्र वीज गेली, हवा थांबली की हेच जिवाणू ते फॉस्फेट पुन्हा ओकू लागतात. लातूर-नांदेडसारख्या शहरांना हा सांभाळ परवडेल. मुरुडला तो महागच.

मुळात फॉस्फरस काढायलाच हवा का? माणसामागे रोज साधारण एक ग्रॅम धरला, तर 25-30 जणांच्या वर्षभराच्या सांडपाण्यात डीएपीच्या एका गोणीइतका फॉस्फरस असतो. तो नदीला घातक, सोयाबीनला हवा. शिवाय आपली चुनखडीयुक्त काळी जमीन फॉस्फेट घट्ट धरते. घरचे सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या नांदेड पॅटर्नच्या शोषखड्ड्यांनाही ही गोष्ट लागू आहे. हे पाणी शेताला दिले तर रोगजंतूंचे काय, हा आक्षेप रास्तच. नायट्रेटही माती धरत नाही, ते विहिरीत उतरते. पण फॉस्फरस काढल्याने यातले काहीच टळत नाही. त्यासाठी नेहमीची प्रक्रिया लागतेच, आणि तिच्यानंतरचे पाणी चाऱ्याला, उसाला द्यावे. अडचण उरते पावसाळ्याची, शेताला पाणी नको असते तेव्हाची. तेवढे महिने फॉस्फरस काढावाच लागेल. जिवाणूंची वस्ती बसायला काही आठवडे लागतात, ती चार महिन्यांपुरती मांडता येत नाही. तुरटीची टाकी मात्र जूनमध्ये सुरू करून पाऊस सरल्यावर बंद करता येते.