मॅकवरील विंडोज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भिवंडीतील सुताच्या पेढ्या, साईझिंगचे कारखाने आणि मानकोली-काल्हेर पट्ट्यातील गोदामे यांच्या कचेऱ्यांत टॅली ही हिशेबाची प्रणाली रोजच्या वापरात आहे, आणि ती विंडोजसाठीच बनवली जाते; मॅकसाठी तिची स्वतंत्र आवृत्ती नाही. त्यामुळे मालकाच्या किंवा सनदी लेखापालाच्या टेबलावर मॅक आला, की त्याच यंत्रावर विंडोज बसवून टॅली चालवण्याचा मार्ग काढला जातो. मॅकला व्हायरस लागत नाही, तेव्हा त्यावर चालणारी टॅलीही सुरक्षितच असणार, अशी समजूत यामागे असते, आणि या विषयातील बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

मॅकला व्हायरस लागतच नाही, हेही खरे नाही. पण ते बाजूला ठेवले तरी मॅकची संरक्षणव्यवस्था कोणावर नजर ठेवते, हे पाहणे आवश्यक ठरते. इंटरनेटवरून उतरवलेला प्रोग्रॅम ओळखीच्या निर्मात्याची सही घेऊन आला आहे की नाही हे गेटकीपर तपासतो, तर ज्ञात घातक प्रोग्रॅमच्या खुणा एक्सप्रोटेक्ट जुळवून पाहतो. ही दोन्ही साधने मॅकच्या प्रोग्रॅमसाठी आहेत. विंडोजच्या आत उघडलेल्या एक्सई फाइलची चौकशी ती करत नाहीत. २०१९ मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने याचे चांगले उदाहरण उजेडात आणले. लिटल स्निच या मॅकवरील फायरवॉलच्या चोरीच्या प्रतीत एक एक्सई फाइल दडवलेली होती, आणि ती चालवण्यासाठी लागणारी मोनो ही यंत्रणाही सोबतच बांधून दिलेली होती. एक्सई ही मॅकची फाइल नसल्याने गेटकीपरने तिची तपासणी केली नाही. गंमत अशी, की तीच फाइल विंडोजवर उघडू गेल्यास नुसती त्रुटी दाखवत असे.

मॅकवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवण्याचे प्रमुख मार्ग तीन असून त्यांचे धोके एकसारखे नाहीत. पहिला मार्ग बूट कॅम्पचा, ज्यात संगणक सुरू करतानाच मॅकऐवजी विंडोज निवडले जाते. ही सोय फक्त इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर आहे. २०२० च्या अखेरीस आलेल्या एम१ प्रोसेसरच्या मॅकपासून ती बंद झाली. त्या जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, कारण त्यासाठी आवश्यक असलेली टीपीएम ही सुरक्षा-व्यवस्था बूट कॅम्पमध्ये विंडोजला उपलब्ध होत नाही. आणि विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. म्हणजे बूट कॅम्पवर चालणारी टॅली आज बहुधा मुदत संपलेल्या विंडोजवर चालते, मग यंत्र कितीही महाग असो.

दुसऱ्या मार्गाला व्हर्च्युअल मशीन म्हणतात: पॅरलल्स किंवा व्हीएमवेअर फ्यूजनसारखा प्रोग्रॅम मॅकच्या आत एक आभासी संगणक उभा करतो आणि विंडोज त्यात चालते. हा आभासी संगणक म्हणजे बंद पेटी, आतले संकट बाहेर येत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. भिंत खरीच भक्कम असते, परंतु वापराच्या सोयीसाठी तिला दारे ठेवलेली असतात. पॅरलल्स नेहमीच्या मांडणीत मॅकचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व डाउनलोड्स हे फोल्डर विंडोजला खुले करून देतो. फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर विंडोजमध्ये शिरले, तर त्याला भिंत फोडण्याची गरजच पडत नाही; उघड्या फोल्डरांतील बिले, चलने, बिल्ट्या आणि घरचे फोटोही ते राजरोस कुलूपबंद करू शकते. रॅग्नर लॉकर या टोळीने २०२० मध्ये हीच वाट मुद्दाम वापरली होती: विंडोजच्याच संगणकावर एक आभासी विंडोज एक्सपी बसवायचे, सामायिक फोल्डरांतून बाहेरच्या फाइल कुलूपबंद करायच्या आणि बाहेरच्या अँटिव्हायरसला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. टॅलीचा डेटा टॅलीव्हॉल्टने सांकेतिक केला असला तरी येथे उपयोग होत नाही, कारण त्यामुळे मजकूर गुप्त राहतो, फाइल कुलूपबंद होणे टळत नाही.

क्लिपबोर्डचे दार याहून नकळत उघडे राहते. मॅकमध्ये कॉपी केलेला पासवर्ड किंवा पुरवठादाराचा खाते क्रमांक विंडोजमधील प्रोग्रॅमलाही वाचता येतो, आणि पेस्ट होण्यापूर्वी क्रमांक बदलणारे घातक प्रोग्रॅम अस्तित्वात आहेत. पॅरलल्समध्ये विंडोजला मॅकपासून अलग ठेवण्याचा पर्याय आहे. तो निवडल्यावर ही दारे एकदम बंद होतात. थोडी गैरसोय होते, पण हिशेबाच्या संगणकावर ती पत्करावी हेच योग्य.

तिसरा मार्ग वाइन आणि त्यावर आधारलेल्या क्रॉसओव्हरचा. यात विंडोज नसतेच, विंडोजच्या प्रोग्रॅमची मागणी मॅकला समजेल अशा रूपात पुरवली जाते. विंडोजच नाही तर विंडोजचे व्हायरस कुठून येणार, हा तर्क ऐकायला बरा वाटतो, पण वाइन झेड ड्राइव्हच्या नावाने संपूर्ण संगणकाची फाइल-रचना प्रोग्रॅमसमोर मांडते आणि वापरकर्त्याचे अधिकार त्याला देते. अधूनमधून मॅक परवानगी विचारतो, तेव्हा घाईत होकाराचे बटण दाबले जाते.

क्रॅक केलेल्या प्रती टाळल्या की धोका संपतो, ही समजूतही अर्धीच खरी आहे. २७ जून २०१७ रोजी पसरलेला नॉटपेट्या हा हल्ला एमईडॉक या युक्रेनमधील कर-हिशेबाच्या अधिकृत प्रोग्रॅमच्या अपडेटमधून शिरला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा त्यात कोलमडली आणि जेएनपीटी बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळित होऊन हाताने करावे लागले. असा प्रोग्रॅम आभासी विंडोजमध्ये असता तर आभासी डिस्क बाद होऊन मॅक बहुधा शाबूत राहिला असता, मात्र त्याच नेटवर्कवरील गोदामाचे विंडोज संगणक वाचले असतेच असे नाही.

जीएसटी विवरणपत्रावर डिजिटल सही करण्याचे डीएससी टोकन विंडोजला जोडले जाते, तेव्हा गुप्त किल्ली टोकनच्या बाहेर येत नाही म्हणून निर्धास्त राहिले जाते. किल्ली बाहेर येत नाही हे खरे. पण पिन टिपणारा प्रोग्रॅम आत बसलेला असेल, तर टोकन लावलेले असेपर्यंत तो मालकाच्या नावाने सह्या करवून घेऊ शकतो. शिवाय नव्या मॅकवरील विंडोज आर्म जातीच्या प्रोसेसरसाठीचे असते आणि इंटेलसाठी लिहिलेले गाभ्यातील ड्रायव्हर त्यावर चालत नाहीत. टोकन ओळखले जात नाही म्हणून मिळेल त्या ठिकाणचा ड्रायव्हर उतरवण्याचा मोह तेथे होतो.

काही बिघडले तर आधीच्या स्नॅपशॉटवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या जतन केलेल्या अवस्थेवर, परत जाता येते, हा दिलासाही तपासून घ्यावा लागतो. परतताना मधल्या काळातील सुरक्षा अपडेट जातात, आतल्या डिस्कवरील व्हाउचर जातात आणि घुसखोरी कशी झाली हे सांगणाऱ्या नोंदीही पुसल्या जातात. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी असे प्रकार ६ तासांत कळवायचे आणि नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. म्हणून मागे जाण्यापूर्वी नेटवर्क तोडून व्हर्च्युअल मशीनच्या फाइलची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी, आणि खात्यातून पैसे गेले असतील तर प्रत निघण्याची वाट न पाहता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.