दुधाचा पैसा दर पंधरवड्याला, मासळीचा पैसा हंगामाला



गावातल्या कुठल्याही किराणा दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहून बघा. शाम्पूच्या पुड्यांची माळ, पाच रुपयांचे बिस्किटपुडे, मोबाईलचे रिचार्ज, हप्त्यावर फ्रिज-टीव्ही मिळेल अशी पाटी. वीस वर्षांपूर्वी तालुक्याला जाऊन आणायच्या वस्तू आज बंदराच्या वाटेवर मिळतात. मग बाहेरचा माणूस म्हणतो, कोळीवाडे सुधारले. खोटं नाही ते. पण त्याच दुकानदाराची उधारीची वही जुलैमध्ये उघडून बघा, म्हणजे दुसरी बाजू कळते.

सरकारचा घरखर्चाचा सर्व्हे झाला, त्यात 2023-24 साली ग्रामीण भागात माणशी महिन्याचा खर्च सरासरी 4,122 रुपये आला. शहरात 6,996. म्हणजे शहर गावापेक्षा सत्तर टक्क्यांनी पुढे. 2011-12 मध्ये हे अंतर 84 टक्के होतं. आणि 1999-2000 साली गावातल्या शंभर रुपयांतले 59 रुपये पोटात जायचे, आता 47 जातात. उरलेले कपडे, दवाखाना, शिक्षण, मोबाईल, गाडी यांवर. आणि खाण्यातसुद्धा पाकीटबंद वस्तू आणि थंड पेयांचा वाटा वाढलाय. कंपन्या गावात येतात त्या यासाठीच.

गावातल्या गिऱ्हाइकाला ओळखलं ते काही फार मोठ्या लोकांनी नाही. 1969 मध्ये अहमदाबादचे करसनभाई पटेल घरी बनवलेली निरमा पावडर सायकलवरून दारोदार विकायचे, नामी पावडरीच्या कितीतरी कमी भावात. तमिळनाडूत कडलूरच्या एका कुटुंबानं शाम्पू पुडीत भरून विकला, म्हणजे बाटलीचे पैसे नसलेल्या बाईलाही एक दिवसाचा शाम्पू घेता आला. लोक म्हणतात पुडी महाग पडते. शाम्पूच्या बाबतीत तसं नाही, कित्येकदा पुडीच स्वस्त पडते, हिशोब करून बघा. पण तेल, चहा, साखर, डाळ पावशेर-पावशेर आणली तर नक्कीच महाग पडते. आणि पावशेर कोण आणतं? ज्याच्या हातात पैसा रोजचा आणि थोडा असतो, किंवा नसतोच, तो.

म्हणून आम्हाला सरासरीपेक्षा महिना महत्त्वाचा वाटतो. वर्षाला किती मिळाले हा एक प्रश्न, आणि कधी मिळाले हा दुसरा.

या बाबतीत वडोदऱ्याच्या आसपासची गावं बघण्यासारखी आहेत. आपली जुनी माणसं अजून बडोदाच म्हणतात. त्या संस्थानाला समुद्रही होता, बिलीमोरा, कोडिनार, ओखामंडळ हा किनारा त्यांचाच. पण आज तिथला ग्रामीण पैसा आहे तो दुधाचा. शेजारच्या आणंदला 14 डिसेंबर 1946 रोजी खेडा जिल्हा दूध संघ नोंदला गेला. वडोदरा जिल्ह्याचा संघ 1957 चा. पद्धत साधी. गावात संकलन केंद्र, दोन वेळ दूध, फॅट मोजायचं आणि त्याप्रमाणे भाव. सुरुवातीला सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी हातात पडायचे. आता ठरलेल्या दिवशी, साधारण आठ-पंधरा दिवसांनी, बँकेच्या खात्यात जमा होतात. मार्चचा हिशोब झाला की संघ वरचा भावफरकही वाटतो. म्हैस दोन असो की दहा, घरातल्या बाईला ठाऊक असतं की या तारखेला एवढे येणार. तिला हप्ता परवडतो, कारण तिचं उत्पन्नसुद्धा हप्त्यानंच येतं.

आपलं तसं नाही. केंद्राच्या नियमाप्रमाणे पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस बंदी. त्याआधी वादळं, डिझेलचा खर्च, एखादी फेरी पूर्ण रिकामी. मासळी लागली की एकदम पैसा, नाही तर काहीच नाही. आणि जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं, छपराची डागडुजी, बोटीचं रंगकाम, जाळी दुरुस्ती, इंजिनाचं काम सगळं एकदम. सुका बोंबील, जवळा विकून काही भगिनी घर ओढतात, पण तोही साठा आधी करून ठेवलेला असेल तर. मग उरते ती उचल.

उचल वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. अडचणीला दलाल उभा राहतो, रात्री फोन केला तरी पैसे देतो, कागद मागत नाही. बँक हे करत नाही, हे मान्य करूनच बोललं पाहिजे. पण उचलीचं व्याज कुठल्या वहीत लिहिलेलं नसतं, ते भावातून कापलं जातं. समजा एखाद्यानं जूनमध्ये 50,000 उचलले आणि पुढच्या नऊ महिन्यांत 4,000 किलो मासळी त्याच दलालाला किलोमागे पाच रुपये कमी भावात घातली. गेले 20,000. आणि 50,000 डोक्यावर तसेच. हेच किसान क्रेडिट कार्डावर घेतले असते तर वेळेत फेडल्यास 4 टक्क्यांनी नऊ महिन्यांचे व्याज 1,500 रुपये. हे कार्ड 2018-19 पासून मच्छीमारांनाही लागू आहे. ज्यांनी अर्ज केला त्यांना किती फेऱ्या माराव्या लागतात तेही आम्हाला माहीत आहे, तरीसुद्धा 20,000 आणि 1,500 मध्ये फेऱ्यांचं भाडं निघतं.

इथे केरळची एक गोष्ट सांगतो. 1997 ते 2001 या काळात तिथल्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर मोबाईलचे टॉवर लागले. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थतज्ज्ञानं त्या बंदरांवरच्या तारलीच्या भावाचा अभ्यास केला, तो 2007 मध्ये छापून आला. टॉवर येण्याआधी एका बंदरावर मासळी फेकून द्यायची वेळ यायची आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचं. फोन आल्यावर तांडेल समुद्रातूनच भाव विचारून बोट वळवू लागले. मासळी फेकणं जवळजवळ थांबलं, मच्छीमाराचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्याला मासळी 4 टक्क्यांनी स्वस्त मिळाली. म्हणजे मोबाईल ही चैन आहे असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. पण एक गोष्ट आहे. बोट वळवायला मोकळीक लागते. उचल घेतलेल्या बोटीचा तांडेल भाव विचारू शकतो, वळू शकत नाही. फोन दोघांच्याही खिशात सारखाच, किंमतही सारखीच, उपयोग मात्र एकालाच.

काही बोटमालक आम्हाला म्हणतात, दुधाशी काय बरोबरी करता, म्हैस गोठ्यात बांधलेली असते, मासा नाही. अगदी बरोबर. रोज पैसे यावेत असं कुणीच घडवू शकत नाही. पण आलेला पैसा वर्षभर पसरता येतो, एवढं आपल्या हातात आहे. आणि हे शिकायला दूध संघांपर्यंतही जायला नको. वडोदऱ्यातच 5 फेब्रुवारी 1889 रोजी विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकारानं मराठी घरांतल्या लोकांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली, सावकाराकडे जावं लागू नये म्हणून. देशात सहकाराचा कायदा 1904 चा. म्हणजे कायद्याच्या पंधरा वर्षं आधी आपल्याच भाषेच्या माणसांनी थोडे-थोडे साठवून एकमेकांना कर्ज द्यायला सुरुवात केली होती. आपल्या बायका भिशीत तेच करतात. फक्त भिशी फुटते ती सणाला, जूनला नाही.

तर संस्थेपुढे विषय असा आहे. लिलावाच्या पट्टीतून किलोमागे एक रुपया सभासदाच्या नावानं बाजूला ठेवायचा, 1 ऑगस्ट ते 31 मे. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो खात्यात परत. 4,000 किलो घालणाऱ्याला 4,000 रुपये. फार मोठी रक्कम नाही, उचल त्यानं सुटणार नाही, पण शाळेची फी आणि एक महिन्याचा किराणा घाऊक भावात भरता येईल. खलाशांची पाती कापायची की फक्त मालकाची, यावर दोन मतं आहेत. आमच्या मते खलाशाच्या पातीतून त्याच्या संमतीशिवाय काही कापू नये. खातं घरातल्या बाईच्या नावानं असावं, असंही काही भगिनींनी सुचवलंय. त्याला पुरुष मंडळींकडून अजून उत्तर आलेलं नाही!

सर्वसाधारण सभेला येताना मागच्या वर्षीच्या पट्ट्या घेऊन या. ज्यांची उचल आहे त्यांनी आपला भाव आणि त्याच दिवशीचा खुला भाव शेजारी-शेजारी लिहून आणावा. नाव लिहायची गरज नाही, ऑफिसात पेटी ठेवली आहे, चिठ्ठी त्यात टाका. आकडे एकत्र करून सभेत वाचून दाखवू.

— सचिव, संस्थेच्या वतीने