जुन्या नगरचित्रांतील माणसे

जुनी छापील नगरचित्रे जमविताना आम्ही प्रथम कागदाची कड न्याहाळतो. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र दाबून छापले, की पत्र्याच्या कडांचा खोलगट ठसा कागदावर उमटतो. अस्सलपणाची ती पहिली खूण.

डच प्रवासी लिन्सखोतेन १५८३ साली गोव्यात आला आणि आर्चबिशपच्या पदरी राहिला. अ‍ॅमस्टरडॅम येथे १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात गोवे शहराचा तपशीलवार नकाशा आहे. रस्ते, चर्च, धक्के सारे नावांनिशी. त्याच ग्रंथातील चित्रांत पालखी वाहणारे भोई आहेत, गुलामांची विक्री होणारा बाजारही आहे. ही माणसे मात्र निनावी आहेत.

म्हणून नागपुरातील आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो : पालखी कोणाची हे विचारण्यापूर्वी ती कोणाच्या खांद्यावर आहे, हे पाहा.