बाकाचे पैसे कोणी भरायचे?

घरपट्टीच्या बिलावर 'शिक्षण उपकर' अशी एक ओळ असते. १९६२ साली महाराष्ट्रात झालेल्या कायद्याने ती तेथे आली. घरात शाळेत जाणारे पोर असो वा नसो, ती भरावी लागते. आपण तिच्यावरून कधी भांडत नाही, याचे कारण आपण फार उदार आहो असे नव्हे. आपण ती वाचतच नाही. बिलाचा शेवटचा आकडा पाहून कपाळाला हात लावला, की आपले वाचन संपते!

अमेरिकेत मात्र अशाच एका ओळीवरून अख्खा जिल्हा भांडताना मी पाहिला.

माझी भाची वॉशिंग्टन शहराला लागून असलेल्या, मेरीलँड राज्यातल्या मॉन्टगोमेरी काउंटीत राहते. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच म्हणा ना. वस्ती दहा लाखांच्या वर, आणि सरकारी शाळांतली मुले दीड लाखाहून अधिक. आपल्याकडे 'सरकारी शाळा' म्हटले की चांगले कमावणारा गृहस्थ नाक मुरडतो. तेथे चांगल्या सरकारी शाळेसाठी लोक चार पैसे जास्त मोजून त्या भागात घर घेतात. भाचीनेही तेच केले होते. दोन मुलगे, म्हणून सिल्व्हर स्प्रिंगच्या बाजूला एक जुने, बसके, पण अंगणाचे घर एका वृद्ध जोडप्याकडून विकत घेतले.

२०१९च्या जूनमध्ये मी तिच्याकडे गेलो, तेव्हा शाळा सुटीसाठी बंद व्हायच्या होत्या. धाकट्याला आणायला तिच्याबरोबर गेलो, तर मैदानाच्या कडेला ओळीने पत्र्याच्या खोल्या उभ्या. मला वाटले, बांधकामावरच्या मजुरांची सोय असेल.

"नाही हो मामा, ते वर्ग आहेत," भाची म्हणाली. "याचा वर्ग तिसऱ्या खोलीत भरतो."

अशा शेकडो खोल्या त्या जिल्ह्यात शाळांच्या आवारात होत्या. पावसात लघवीला जायचे तर पोरांनी मैदान ओलांडून मुख्य इमारतीत जायचे. भाचीचा राग अर्थातच कोपऱ्यावर होऊ घातलेल्या उंच इमारतीवर होता. "आधीच जागा नाही, त्यात हे आणखी दीडशे बिऱ्हाडे आणताहेत!" त्या इमारतीविरुद्धच्या अर्जावर तिने सही केली होती, आणि शेजारणींच्याही मिळवल्या होत्या.

तिचे म्हणणे कायद्याला धरून होते. शाळा, रस्ते वगैरे सोयी पुरेशा असल्याशिवाय नव्या वस्तीला परवानगी नाही, हे तत्त्व त्या जिल्ह्याने १९७३ सालीच स्वीकारले होते. त्यातून पुढे नियम झाला, की पाच वर्षांनी एखाद्या भागातल्या शाळांत शंभराच्या जागी एकशेवीसहून अधिक मुले होतील असा अंदाज निघाला, तर वर्षभर तेथे नव्या घरांना मंजुरी द्यायची नाही. शिवाय २००४पासून शाळांच्या बांधकामासाठी नव्या घरांवर वेगळा कर. आपण 'विकास शुल्क' म्हणतो त्याच जातीचा, पण हिशेब अगदी शाळामास्तरी! एका घरातून सरासरी किती मुले येतात, एका मुलाची जागा बांधायला किती खर्च येतो, यांचा गुणाकार करून रक्कम ठरवायची. मी गेलो त्या सुमारास स्वतंत्र घरावर हा कर सुमारे २६ हजार डॉलर होता, तर उंच इमारतीतल्या फ्लॅटवर सुमारे ६ हजार. फ्लॅटमधून मुले कमी येतात, म्हणून कर कमी. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखून ठेवलेल्या घरांना माफी.

हे सारे ठरवणार कोण? शाळा चालवणारे निवडून आलेले मंडळ वेगळे आहे. पण कर बसवण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. ती किल्ली रॉकव्हिल गावी बसणाऱ्या काउंटी परिषदेच्या कमरेला. भटारखाना एकाचा आणि कोठीची चावी दुसऱ्याकडे, असा प्रकार!

१ जुलै २०१९ला सिल्व्हर स्प्रिंगसह काही भागांत घरबंदी लागू झाली, आणि परिषदेपुढचा वाद पेटला. एक पक्ष म्हणे, ज्याच्या घरांमुळे मुले येतात त्या बिल्डरने शाळेचे पैसे भरावेत. आम्ही जन्मभर कर भरला, आता पुरे. दुसरा म्हणे, बिल्डर काय स्वतःच्या खिशातून देतो? तो घराच्या किमतीत मिळवतो, आणि भुर्दंड पहिले घर घेणाऱ्या तरुण जोडप्याला. शिवाय घरेच थांबवली तर त्यांवरचा करही थांबतो. मग शाळा कशातून बांधणार? घरे थांबली तरी मुले थांबतात थोडीच!

मला या करातली खरी गंमत वेगळीच वाटली. जो तो भरणार, तो सभेत हजरच नसतो. त्याचे घर अजून बांधून व्हायचे असते. त्या भागात त्याला मत नाही, आणि सभेत बोलायला तो येत नाही. अशा माणसावर कर बसवणे कोणत्याही नगरसेवकाला आवडेल.

पण धोरण नव्याने ठरवण्यासाठी २०२० साली जिल्ह्याच्या नियोजन खात्याने आकडे मांडले, आणि सगळ्यांच्याच समजुतीला धक्का बसला. शाळांतली मुले वाढली, त्यांपैकी नव्या बांधकामामुळे आलेली जेमतेम तीन दशांश. उरलेली जुन्याच घरांतली! म्हाताऱ्या जोडप्याने घर विकायचे, तरुण जोडप्याने ते घ्यायचे. एक वीट नवी लागत नाही, पण वर्गात दोन मुले वाढतात. आणि यांच्यावर 'नव्या घराचा' कर नाही, कारण घर जुनेच!

मी हे फोनवर भाचीला वाचून दाखवले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "म्हणजे मामा, इमारत मीच की हो!"

त्या नोव्हेंबरात परिषदेने घरबंदीचा नियम काढून टाकला. जेथे शाळा तुडुंब आहेत तेथे बिल्डरने जादा रक्कम भरावी, आणि जेथे वस्ती वाढायला हवी तेथे करात सवलत मिळावी, असे ठरले. जुनी घरे हात बदलतात तेव्हा नोंदणीवर लागणारा कर शाळांसाठी वाढवावा, अशीही सूचना होती. ती मात्र लगेच कोणाच्या गळी उतरली नाही, आणि यात नवल नाही. घर विकणारे आणि घेणारे दोघेही मतदार! अखेर २०२३ साली परिषदेने तो कर वाढवला; महाग घरांवर दर अधिक चढता. त्याच वर्षी मालमत्ता करही ४.७ टक्क्यांनी चढला. भाचीच्या बिलात तो आला, आणि तिने तो ओळ न् ओळ वाचला.

मध्यंतरी तिचा फोन आला होता. शेजारच्या आजीबाईंनी घर विकले. सामानाचा ट्रक आला, त्यातून तीन लहान सायकली उतरल्या.

"अर्ज कोणाविरुद्ध करू, सांगा," भाची म्हणाली, आणि त्या पोरांना लाडू द्यायला निघून गेली.