अवचितगड : रोह्याहून चढताना

कुंडलिकेकाठच्या रोह्यामागची डोंगररांग पायी अनुभवायची, तर सुरुवात अवचितगडापासून करावी. उंची जेमतेम १००० फूट, पण रान दाट. मेढे, पिंगळसई आणि पडम या तीन गावांतून वाटा चढतात. दरवाज्याजवळचं शरभशिल्प बघूनच पुढे व्हावं. माथ्यावर बारा कोनांचा दगडी तलाव आहे. दक्षिण बुरुजावरचा शके १७१८चा (इ. स. १७९६) शिलालेख तर चुकवूच नये, तिरप्या उन्हात त्याची अक्षरं नीट उठून दिसतात. अवचितगडानंतर पेणच्या बाजूचा सांकशीचा किल्ला बघावा : पायथ्याशी बद्रुद्दीन दर्गा, वर कातळात खोदलेली टाकी. पावसाळ्यात रानवाटा गवतात बुजतात. गावातला वाटाड्या सोबत घ्याच आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या.