भट्टीला सुट्टी!

गावाचं नाव सोनपेठ, पण आज भाव खाणार माती!

मंडळी, न भाजता पक्की होणारी वीट असते, माहीत आहे का? चाळलेली माती, त्यात साधारण ५ ते ८ टक्के सिमेंट, बेताचं पाणी आणि वरून यंत्राचा सणसणीत दाब. ब्लॉक तय्यार! ना कोळसा, ना धूर. विटांच्या दुनियेतली ही नो-गॅस रेसिपी.

या यंत्राचं माहेर कोलंबिया. १९५०च्या दशकात बोगोटामधल्या ‘सिनव्हा’ या संस्थेत राउल रामिरेझ या इंजिनिअरने हातदांड्याचं प्रेस बनवलं. संस्थेचं अख्खं नाव, साहेबांचं अर्धं आडनाव, आणि बारसं झालं ‘सिनव्हा-राम’! या मशीनमध्ये खरंच राम आहे.

आपण मागे राहतोय होय? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून ‘मर्दिनी’ आली, दिल्लीच्या डेव्हलपमेंट अल्टरनेटिव्ह्जने ‘बलराम’ आणला. ब्लॉकचं मशीन म्हणायचं की पौराणिक सिनेमाचं कास्टिंग?

आता सोनपेठची खरी हिरोईन. काळी माती! कापसावर जीव, पण स्वभाव भलताच मूडी. पावसात फुगून बसते आणि मे महिन्यात तिच्या भेगांत चप्पल अडकते. कारण तिच्या पोटातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज. पाणी प्यायलं की ते फुगतं, सुकलं की आक्रसतं. नुसत्या काळीचा ब्लॉक केलात, तर भिंत उभी राहण्याआधीच तडा तयार.

मग उपाय? तिला चुना लावा! खरंच सांगतोय. रेताड, मुरमाड मातीला सिमेंट मानवतं, चिकण मातीला चुना. जोडीला मुरूम किंवा वाळू घालून चिकटपणा मोडायचा. शिवाय शेजारच्या परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख आहेच. चुना आणि राख एकत्र आली, ओल मिळाली, की दोघांची हळूहळू घट्ट जोडी जमते. तरी माझं ऐकाल, तर शेतातल्या वरच्या कसदार थराला हात लावू नका. त्यावर कापूसच शोभतो.

‘काळी’ म्हणजे शेत, तर गाव म्हणजे काय? ‘पांढरी’! पिढ्यान् पिढ्या चुलीची राख, चुना, पडक्या भिंती जिरून वस्तीची माती फिकट होते. जुन्या माळवदावर टाकायला लोक हीच माती पसंत करायचे. पांढरीचं टेकाड दिसलं की पुरातत्त्ववाल्यांचे डोळे चमकतात, कारण खाली जुनं गाव असू शकतं. तेव्हा ब्लॉकसाठी गावची गढी उकरायला निघाला असाल, तर कुदळ खाली ठेवा. आधीच पुष्कळ इतिहास छपरांवर गेलाय.

आता फ्री टेस्ट. माती ओलसर करा, मुठीत दाबून लाडू वळा, हात खांद्याइतका वर धरून कडक जमिनीवर सोडा. लाडूचा चपटा गोळा झाला? पाणी जास्त. भुगा झाला? पाणी कमी. चार-पाच तुकडे पडले? अगदी बरोबर! घरातला एकमेव लाडू, जो फुटला की आनंद होतो.

जरा आवाज खाली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६, किल्लारीचा भूकंप. मराठवाड्याने मातीच्या घराची धास्ती घेतली ती तेव्हापासून. पण तिथल्या भिंती होत्या चिखलात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या, एकमेकींत नीट न गुंफलेल्या, आणि डोक्यावर माळवदाची टनावारी माती. ब्लॉकच्या घरात ते ओझं नको, आणि जोत्यावर, दार-खिडक्यांच्या वर, छताखाली सळईचा काँक्रीट पट्टा हवाच. तो वाचवून पैसे वाचवणाऱ्याशी मी वाद घालायला तयार आहे. मातीच्या घरांच्या भूकंपसुरक्षेचं भारतीय मानक, आयएस १३८२७, तेही १९९३ सालचंच.

पुन्हा फुल्ल व्हॉल्यूम! १९४८मध्ये कर्नालला जवळपास ४००० घरं उभी राहिली, सिमेंट मिसळून ठोकलेल्या मातीच्या भिंतींची. बुर्किना फासोच्या गांदो गावात सिमेंट घातलेल्या मातीच्या ब्लॉकची शाळा बांधणारा फ्रान्सिस केरे २०२२मध्ये वास्तुकलेचं नोबेल समजलं जाणारं प्रिट्झकर घेऊन गेला. गावच्या मातीत खेळला, मैदान जगाचं मारलं.

घरकुलाचं गणित माहीत आहे का? प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. समजा ५ बाय ५ मीटर, भिंती ३ मीटर उंच. २३ सेंटिमीटर लांब, १९ रुंद, १० उंच असा ब्लॉक घेतला, तर बाहेरच्या चार भिंतींना सांध्यांचा मसाला धरून, दारं-खिडक्या वजा न करता साधारण २३०० ब्लॉक लागतात. मांडवाखाली प्रेस लावा, दांडा ओढायला दोन दणकट भाचे बोलवा.

फक्त घाई नको. प्रेसमधून निघालेला ब्लॉक उचलून रचता येतो, पण नख लावलं तर ओरखडा उठतो. गोणपाटाखाली तीन-चार आठवडे रोज पाणी पाजावं लागतं. म्हणून हा उद्योग दिवाळीनंतर काढायचा. एप्रिलमध्ये काढलात, तर टँकरच्या रांगेत तुमच्या घागरीमागे २३०० ब्लॉक उभे!

आणि माती कुठून आणायची? गावात कुणी नवी विहीर खोदतंय का बघा. काठावर मुरमाचा डोंगर पडलेला असतो, आणि मालकाला तो हलवायची तुमच्याहून जास्त घाई असते.